जुन्या रॉकवर वाढलेल्या बँडनं स्वतःचं गाणं कसं बसवावं

चिंचवडला आमच्या वडिलांची पिठाची गिरणी होती. ती बंद झाल्यावर गाळा भाड्यानं द्यावा असं घरात सगळ्यांचं म्हणणं होतं. मी तो ठेवला. जात्याच्या जागी आता ड्रमसेट आहे, पट्ट्याच्या चाकाखाली बेसचा अँप आहे, आणि भिंतींच्या भेगांत अजून पीठ आहे. किक ड्रम, म्हणजे पायानं वाजवायचा मोठा ड्रम, जोरात वाजला की त्यातलं थोडं खाली सांडतं. आठवडाभर मी भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये असतो. शनिवारी संध्याकाळी गाळा उघडतो आणि मुलं वाजवायला येतात.

सध्या चौघं येतात. सगळ्यात मोठा एकवीस वर्षांचा, ड्रम वाजवणारी मुलगी अठराची. मोबाइलमध्ये मात्र 1968 ते 1976 याच काळातली गाणी. लेड झेपलिन, ब्लॅक सॅबथ, डीप पर्पल, फ्री, सगळे इंग्लंडचे बँड. मला ‘काका’ म्हणतात आणि बेसच्या ओळी माझ्याकडून घेतात. गेल्या वर्षी त्यांनी पहिलं स्वतःचं गाणं, त्यांच्या भाषेत ‘ओसी’, बसवलं आणि एका कॉलेजात वाजवलं. खाली उतरल्यावर कुणीतरी म्हणालं, ‘हे तर ऐकलेलं वाटतं.’ गिटारवाला पोरगा पुढचे दोन शनिवार आला नाही.

मला ते फार लागलं, कारण हे वाक्य मी स्वतः ऐकलेलं आहे. 1994 साली आमच्या बँडनं एका स्पर्धेत जुनं गाणं सुरासकट, श्वासासकट, रेकॉर्डवर होतं तसं वाजवलं होतं. आम्हाला वाटलं, जिंकलो. परीक्षक एवढंच म्हणाले की रेकॉर्ड माझ्याकडेही आहे. त्यानंतर चार वर्षं आमचा बँड टिकला, पण आपलं असं एकही गाणं आमच्याकडून झालं नाही. कसं करायचं ते सांगायला कुणी नव्हतं. म्हणून हे लिहितोय. ज्यांना जुनं रॉक मनापासून आवडतं आणि त्यातूनच स्वतःचं काही काढायचंय, त्यांच्यासाठी.

आधी एका बँडची गोष्ट, कारण या प्रश्नात त्यांच्याइतकं भाजून निघालेलं दुसरं कुणी नाही. ग्रेटा व्हॅन फ्लीट. अमेरिकेत मिशिगन राज्यात फ्रँकनमथ नावाचं जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव आहे, जर्मन धाटणीच्या घरांचं. तिथले तीन सख्खे भाऊ, त्यांतले दोन जुळे, आणि एक मित्र. जॉश किस्का गातो, त्याचा जुळा जेक गिटार वाजवतो, धाकटा सॅम बेस आणि कीबोर्ड, डॅनी वॅगनर ड्रम. सुरुवात 2012ची, म्हणजे जुळे सोळा वर्षांचे आणि सॅम तेराचा. नाव गावातल्याच एका म्हाताऱ्या बाईंच्या नावावरून, एक अक्षर गाळून घेतलेलं. घरात आईवडिलांच्या तबकड्या होत्या, त्या ऐकत ही पोरं वाढली. 2017 साली त्यांचं पहिलं गाणं रेडिओवर गाजलं आणि सगळीकडे एकच शब्द झाला: झेपलिन. 2018च्या पहिल्या पूर्ण अल्बमला संगीतावरच्या एका नावाजलेल्या प्रकाशनानं दहापैकी 1.6 गुण दिले. आणि फेब्रुवारी 2019मध्ये त्यांच्याच ‘फ्रॉम द फायर्स’ला सर्वोत्तम रॉक अल्बमचं ग्रॅमी मिळालं. खुद्द झेपलिनचा गायक रॉबर्ट प्लँट यानं त्यांच्याबद्दल बोलताना त्यांची तुलना झेपलिनच्या पहिल्या अल्बमशी केली होती.

माझं मत विचाराल तर टीका अगदीच खोटी नव्हती. सुरुवातीच्या गाण्यांत गायकाची किंचाळी आणि गिटारचा ढंग दोन्ही एकाच घरातून आलेले आहेत हे लहान मूलही सांगेल. पण त्याच ‘फ्रॉम द फायर्स’मध्ये आठ गाण्यांपैकी दोन गाणी दुसऱ्यांची आहेत, आणि त्यांतलं एकही झेपलिनचं नाही. एक सॅम कुकचं 1964चं सोल गाणं, दुसरं फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या इंग्लिश लोकसंगीताच्या बँडचं. म्हणजे ही मुलं झेपलिनपाशी थांबली नव्हती, झेपलिनच्या शेजारीपाजारी हिंडत होती. पुढच्या अल्बमांत त्यांचा आवाज मोकळा होत गेला तो याच हिंडण्यामुळे, असं मी समजतो. तुम्हालाही तेच करायचंय, फक्त जरा लवकर.

ऐकणं, वही घेऊन

एक गाणं निवडा. एकच. दोन आठवडे दुसरं गाणं वाजवायचं नाही. प्रत्येकानं आपापला भाग बसवायचा हे तर आलंच, पण त्याआधी चौघांनी चौघांचे भाग तोंडानं म्हणायचे. गायकानं किक कुठं पडते ते मांडीवर वाजवून दाखवायचं. ड्रमरनं बेसची ओळ गुणगुणायची. आमच्याकडे पहिल्या दिवशी हे कुणालाच जमलं नाही. गिटारवाल्याला सोलो पाठ होता, पण सोलोच्या खाली बेस काय करतो हे त्यानं तीन वर्षांत एकदाही ऐकलेलं नव्हतं.

मग वहीत लिहायचं: कोण कधी गप्प आहे. मला ही यादी सगळ्यात महत्त्वाची वाटते. जुन्या रॉकमध्ये जो जोर जाणवतो तो वाजवण्याइतकाच थांबण्यातून येतो. गायक एकटा ओळ म्हणतो, सगळे थांबलेले असतात, मग बँड एकदम कोसळतो. नवी मुलं पहिल्या मात्रेपासून शेवटच्या मात्रेपर्यंत चौघंही वाजवत राहतात आणि नंतर म्हणतात की काका, आपला आवाज भरत नाही. आवाज भरलेलाच असतो, म्हणून तो मोठा होत नाही.

दोन आठवड्यांनी गाणं वाजवून बघा आणि बाजूला ठेवा. तुम्हाला गाणं नको होतं, वहीतली पानं हवी होती.

आजोबांकडे जाणं

ज्यांना तुम्ही मूळ समजता ते स्वतः कुणाचं तरी ऐकून वाढलेत. झेपलिनचं ‘होल लॉट्टा लव्ह’ 1969चं. त्यातले शब्द विली डिक्सन या ब्लूजवाल्याच्या गाण्याशी इतके जुळत होते, की 1985मध्ये त्यानं दावा लावला, 1987मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली आणि श्रेयात त्याचं नाव लागलं. डिक्सनचं ते गाणं मडी वॉटर्सनं 1962मध्ये म्हटलेलं होतं. झेपलिनचंच ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ तर त्याहून मागे जातं: मूळ 1929चं, मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय यांचं, 1927च्या मिसिसिपीच्या महापुरावर. एक बाई आणि एक पुरुष, दोन गिटार. त्यात ड्रम नाहीत.

आता हे दोन्ही एकापाठोपाठ ऐका. मिनीचं आधी, झेपलिनचं नंतर. झेपलिननं काय ठेवलं, काय टाकलं, वेग किती उतरवला, ते वहीत लिहा. माझ्या मते हाच खरा वर्ग. त्यांनी त्या जुन्या गाण्याला जे केलं, ते करायला शिकायचं. त्यांनी केलेलं उचलायचं नाही. बापाची चाल उचललीत तर लोक ओळखतात. आजोबांकडून घेतलंत तर तुमच्या हातून वेगळंच काही निघतं, कारण मधल्या पन्नास वर्षांत तुम्ही जे ऐकलंत ते तुमच्या बापानं ऐकलेलं नव्हतं.

आणि नाव द्या. ज्याच्याकडून घेतलंत त्याचं नाव मंचावर घ्या, गाण्याखाली लिहा. गाण्याचे शब्द आणि चाल यांवरचा हक्क आपल्याकडे कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं राहतो. आपसातही हेच: कुठल्या गाण्याचा रिफ (गिटारवर पुन्हापुन्हा येणारी छोटी चाल) कुणाचा, शब्द कुणाचे, हे त्याच दिवशी एका कागदावर लिहून चौघांनी सही करायची. मैत्री असते तेव्हाच हा कागद सहज होतो.

हात जे करू शकतो तेच

ब्लॅक सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी याची गोष्ट मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो, आणि मी प्रेसशॉपजवळ काम करत असल्यामुळे ती सांगताना दर वेळी अंगावर काटा येतो. बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात सतरा वर्षांचा असताना त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्रात गेली. तो डावखुरा. म्हणजे तारा दाबायचा हातच तो. त्यानं प्लास्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं लावलं, पातळ तारा चढवल्या, आणि पुढे 1971च्या अल्बमवर तारा तीन अर्धस्वर खाली उतरवून सैल केल्या. दोन-दोन स्वरांचे साधे, जड ठोके. ब्लॅक सॅबथचा तो भयाण आवाज काही प्रमाणात तरी त्या दुखऱ्या बोटांतून आलेला आहे.

तेव्हा आपल्याला काय जमत नाही याची यादी करा आणि ती लपवू नका. आमच्या गायकाचा आवाज वरच्या पट्टीत फाटतो. तो सहा महिने प्लँटसारखं ओरडायचा प्रयत्न करत होता आणि रविवारी त्याचा घसा बसलेला असायचा. आम्ही सगळ्या तारा एक पूर्ण स्वर उतरवल्या. त्याचा खालचा आवाज गोड आहे, जरा खरखरीत. तो पहिल्यांदा ऐकू आला.

धानीतला रिफ

आता हार्मोनियम ज्यांच्या घरी आहे त्यांच्या कामाची गोष्ट. रॉकचा रिफ ज्या पाच स्वरांवर उभा असतो ते म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नि. आपल्याकडे हा राग धानी. पोरं त्याला पेंटाटॉनिक म्हणतात. आणि गंमत बघा, गिटारची जाडी तार सा धरली तर सहाच्या सहा मोकळ्या तारा याच पाच स्वरांत बसतात, एकही बाहेर जात नाही. इतके रिफ जाड तारेवर का सुटतात याचं हे एक साधं कारण. तीव्र मध्यमाला जाता जाता स्पर्श केलात की ब्लूजचा रंग येतो. तार ओढून कोमल गंधार जरा वर नेलात, शुद्धाच्या अलीकडे सोडलात, की ती मींडच झाली. आमच्या ड्रमरची आजी भजनी मंडळात पेटी वाजवते. एकदा नातीला न्यायला आली होती, रिफ ऐकून तिनं पाचही सूर नावानिशी सांगितले. तेव्हापासून गिटारवाला सरगम शिकतोय.

डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे अँपमधून फाडलेल्या आवाजात, गंधार कालवला तर आवाज गढूळ होतो, षड्ज-पंचम मात्र स्वच्छ राहतो, म्हणून दोन स्वरांचा कॉर्ड वाजवायचा. तानपुरा ज्यानं ऐकलाय त्याला हे वेगळं सांगायला नको.

रिफ करायची आमची पद्धत अशी. गिटार खाली ठेवायची. चौघांनी गोल बसायचं. ड्रमरनं मांडीवर ठेका धरायचा आणि एकानं तोंडानं दोन आवर्तनं काहीतरी म्हणायचं. तोंडानं म्हणता येईल तेवढंच. बोटांना लागलेल्या सवयी जुन्या गाण्यांच्या असतात. गिटार हातात घेतली की बोटं त्याच वाटेनं पळतात. तोंडाला त्या वाटा माहीत नसतात. बहुतेक चाली फुकट जातात. एखादी राहते. मग ती गिटारवर शोधायची, तीन किंवा चार स्वरांत आणायची, आणि दुसऱ्या आवर्तनाच्या शेवटी मोकळी जागा ठेवायची.

मग कसोटी. मी चहा आणायला कुणाला तरी कोपऱ्यावर पाठवतो. येताना तो रिफ गुणगुणत आला तर ठेवायचा. तो गुणगुणताना दुसरं ओळखीचं गाणं निघालं, तर तो रिफ त्या गाण्याचा होता हे समजायचं आणि सोडून द्यायचा. ही कसोटी आम्हाला एकदाही चुकवून गेलेली नाही.

ठेक्यातही आपल्याकडे खूप आहे. ऑक्टोबर 1972मध्ये झेपलिनचा गिटारवाला जिमी पेज आणि प्लँट मुंबईला आले आणि इथल्या वादकांना घेऊन स्टुडिओत त्यांनी आपली दोन गाणी नव्यानं वाजवून घेतली, ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’. ती ध्वनिमुद्रणं 2015मध्ये अधिकृतपणे बाहेर आली. ‘फोर स्टिक्स’मध्ये पाच आणि सहा मात्रांचे तुकडे अदलाबदलीनं येतात, झेपलिनचा ड्रमर जॉन बॉनहॅम त्यात दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या घेऊन वाजवायचा, म्हणून ते नाव. ते लोक इथं आले ते काही उगाच नाही. तेव्हा ज्या मुलांच्या कानावर लहानपणापासून सात मात्रांचा रूपक पडलाय, त्यांनी चारच्या बाहेर जायला घाबरू नये. तीन-दोन-दोन. टाळी कुठं, खाली कुठं, हे अंगात आहे. ड्रमवर रूपक घ्या आणि वर धानी ठेवून बघा.

शब्द

पोरांचं पहिलं गाणं इंग्रजीत होतं. त्यात हायवे होता, रात्रीची आगगाडी होती, सोडून गेलेली बाई होती. चौघांपैकी कुणीही त्या हायवेवर गेलेलं नव्हतं. मी विचारलं, रात्री साडेबारा वाजता तुमच्या घराबाहेर काय दिसतं? गायक म्हणाला, बाबा दुसरी पाळी करून येतात, सगळ्या गाड्या एकदम येतात, पावसाळ्यात रस्ता दिव्यांनी भरतो. मी म्हटलं, मग ते लिही.

मराठीत रॉक बसत नाही असं त्याचं म्हणणं होतं, आणि पहिल्या प्रयत्नात खरंच बसलं नाही. ओळी लांब, शेवटी सगळी क्रियापदं, गाणं भाषणासारखं. तेव्हा मी त्याला थोरल्या अभंगाची मोजणी दिली: सहा अक्षरं, सहा, सहा, आणि शेवटी चार. दुसरा आणि तिसरा तुकडा यमकात. आता हे चार मात्रांच्या चार बारमध्ये, म्हणजे चार आवर्तनांत, ठेवा. एका बारमध्ये आठ छोटे ठोके. सहा अक्षरं झाली की दोन ठोके उरतात, श्वासाला आणि स्नेअरला, म्हणजे काठीनं वाजवायच्या कडक आवाजाच्या ड्रमला. चौथ्या बारमध्ये चारच अक्षरं, म्हणजे अर्धा बार मोकळा. तिथं गिटार उत्तर देते. ब्लूजमध्ये गायक म्हणतो आणि गिटार ओ देते, नेमकी तीच जागा. भजनात झिलकरी तिथंच उचलतात. मी त्या दिवशी फार आनंदात होतो, दोन घरं एकाच अंगणात उघडतात असं वाटलं.

त्यानं लिहिलं ते असं:

दुसऱ्या पाळीची
भिजलेली वाट
दुचाकींची लाट
घरी जाते

वरच्या सुरावर ओढायचं अक्षर ‘आ’चं किंवा ‘ए’चं ठेवा. ‘ई’ आणि ‘ऊ’वर नवख्याचा गळा आवळतो. ‘वाट’मधला ‘वा’ कितीही ताणा, उघडाच राहतो. आणि ‘ळ’ला ‘ळ’च म्हणा. इंग्रजी वळणानं ‘पाली’ म्हणू नका. ‘पाळी’ म्हटलं की जीभ मागे वळून सुटते आणि त्या सुटण्यालाच एक ठोका आहे. आमची ड्रमर तो किकवर धरते.

खोली, वीज आणि कान

सामानाबद्दल मी थोडंच सांगेन. महागडी गिटार नको. गिटारला नव्या तारा, ड्रमला चांगली कातडी, आणि अँपचा गेन, म्हणजे आवाज फाडणारं बटण, अर्ध्यावर. जुन्या रेकॉर्डवरची गिटार वाटते तितकी फाटलेली नसते. गेन पूर्ण केला की प्रत्येक ठोका सारखाच ऐकू येतो आणि हात हलका-जड केल्याचा काही उपयोग राहत नाही. बॉनहॅमचा किक ड्रम 26 इंची होता, आपल्याकडे बहुतेक सेटचा 22. त्यात उशी कोंबू नका, मोकळा वाजू द्या.

विजेबद्दल मात्र हट्टानं सांगतो. गाळ्याचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. अर्थिंग खराब असेल तर अँप गुणगुणतो, हे ठीक, पण तारा धरलेल्या हातानं गायकाचा ओठ माइकला लागला तर झटका बसतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. तीन पिनांच्या प्लगची तिसरी पिन कधीही तोडायची नाही. दोन अँप दोन वेगळ्या खोल्यांतल्या बोर्डांवर लावायचे नाहीत. पावसात ओल्या चपलांनी वाजवायचं नाही. माझ्या गाळ्यात हे नियम दारावर लिहिलेत.

कानात फोमचे बोळे. कारखान्यात वापरतात तेच नारिंगी, काही रुपयांना जोडी मिळते. द हू बँडचा पीट टाउनशेंड आपल्या बिघडलेल्या कानांबद्दल वर्षानुवर्षं बोलत आलाय. अठरा वर्षांच्या मुलीचे कान मला साठ वर्षं टिकवायचेत. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावून आवाज बाहेर जायचा थांबत नाही. जाड गोधड्या, पुस्तकांनी भरलेलं कपाट, दाराच्या फटीला रबर यांचा थोडा उपयोग होतो. आणि दहाच्या आत बंद. आम्ही साडेआठलाच करतो, समोरच्या घरात दहावीची मुलगी आहे.

जिन्यातलं ध्वनिमुद्रण

‘लेव्ही’चे ड्रम 1971मध्ये इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात घेतले. ड्रमसेट खालच्या दालनात, आणि अँडी जॉन्स या ध्वनिमुद्रकानं दोन माइक वर जिन्यात टांगले. तो आवाज पुढे कितीतरी लोकांनी आपल्या गाण्यांत वापरला.

जिना तर प्रत्येक इमारतीत आहे. आम्ही शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना जाऊन भेटलो, रविवारी चार वाजता अर्धा तास मागितला, खाली नोटीस लावली. पार्किंगच्या तोंडाशी किक, स्नेअर आणि एक झांज ठेवली. एक मोबाइल ड्रमपासून दोन हातांवर, दुसरा दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावर उशीवर. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे सात मीटर वर तो सेकंदाच्या पन्नासाव्या भागानं उशिरा पोचतो, आणि तो उशीरच खोली देतो. दोन्ही मोबाइल चालू झाल्यावर एकदा टाळी वाजवायची, म्हणजे नंतर संगणकावर दोन्ही तुकडे जुळवता येतात. खालचा जास्त, वरचा थोडा. मुलीनं पहिला ठोका दिला आणि वर उभी असलेली दोन लहान पोरं एकदम खाली बसली.

बाकी सगळं गाळ्यात, चौघं एकत्र, एका दमात. सॅबथचा पहिला अल्बम 1969च्या ऑक्टोबरमध्ये जवळपास एका दिवसात झाला. वाजवताना एकमेकांकडे बघता आलं पाहिजे. वेग श्वासाबरोबर थोडा पुढेमागे झाला तर होऊ द्या. चौथ्या किंवा पाचव्या वेळचा टेक बहुतेक चांगला असतो. दहाव्यानंतर थांबा आणि जेवा.

मंचावर

अर्धा तास मिळाला तर सहा गाणी, त्यात चार आपली. पहिलं आपलं. दुसऱ्यांचं गाणं दुसऱ्या जागी ठेवा, आणि ते बदलून वाजवा: रूपकात घ्या, वेग निम्मा करा, एक कडवं नुसत्या बेसवर म्हणा. जे रेकॉर्डसारखंच वाजतंय ते काढून टाका. हे मी 1994च्या त्या संध्याकाळच्या जिवावर सांगतोय.

साउंडवाल्याला नावानं हाक मारा, त्याच्याकडे आधी जाऊन कुठं थांबणार आहात, कुठं एकदम कोसळणार आहात ते सांगा. नाहीतर तो शांत जागी आवाज वाढवतो आणि तुमची सगळी मेहनत सपाट होते.

आणि कुणी म्हणालं की हे अमक्यासारखं वाटतं, तर वाद घालू नका. नेमकं काय तसं वाटलं ते विचारा: आवाज, ठेका, की रिफ? उत्तर वहीत लिहा. आवाज म्हणाले तर अँपचा गेन आणि गायकाची पट्टी बघा. ठेका म्हणाले तर ड्रमची किक दुसऱ्या जागी टाकून बघा. रिफ म्हणाले तर चहा आणायला जा. गिटारवाला परत आला तेव्हा आम्ही त्या जुन्या गाण्याचं हेच केलं; रिफ सोडून दिला, शब्द सोडून दिले, मधली आठ मात्रांची एक शांत जागा तेवढी चांगली होती. ती ‘दुसऱ्या पाळी’त चौथ्या कडव्याच्या आधी घातलीय. तिथं चौघंही थांबतात, आणि मग ड्रमर एकटीच जिन्यातला तो ठेका देते.